वादळनाथाचा डावा पाय

वादळनाथ सात आठवडे मरत होता आणि काही केल्या मरत नव्हता. तसं त्याला मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पण वाचवायचा कसा, हे त्याच्या निर्मात्यालाही सुचत नव्हतं. निर्माता म्हणजे दीपेश, वय चौतीस, मूळ गाव रेवदंडा, हल्ली मुक्काम वाशी. दर शुक्रवारी तो आठ पानांची चित्रकथा काढून लोकांच्या मोबाइलवर सोडायचा आणि गेले सात शुक्रवार नायकाला आणखी थोडं कण्हायला लावून वेळ मारून नेत होता.

वादळनाथ मांत्रिक होता. लाटेवर उभा राहायचा, खांद्यावर जाळं टाकून फिरायचा, मंत्र पुटपुटला की समुद्राच्या पोटातल्या शक्ती धावून यायच्या. सहा वर्षांत त्याने पुष्कळ राक्षस लोळवले होते. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीत फिरवणाऱ्या पोरांनी त्याचं चित्र न विचारता आपल्या बोटीवर रंगवून घेतलं होतं. आपल्याकडे चित्रकाराला याहून मोठी पावती मिळत नाही. दीपेशने तर तिथे जाऊन बोटीसोबत फोटोही काढून घेतला.

मग ओहोटासुराने वादळनाथाच्या डाव्या पायात काळा काटा मारला. मंतरलेला काटा. वरून बघावं तर जखम करंगळीएवढी, पण अंगातलं बळ दिवसेंदिवस ओसरत चाललेलं. खरं तर असल्या काट्यावर उतारा काय, हे वादळनाथाइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. शेकडो खलाशांचं विष त्याने उतरवलं होतं. पण पहिल्याच भागात दीपेशने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं की मांत्रिकाचा मंत्र स्वतःवर चालत नाही. आपले वाचक बायकोचा वाढदिवस विसरतील, सहा वर्षांपूर्वीचा नियम विसरत नाहीत.

"आठ दिवस आहेत," संपादक रचनाने फोनवर सांगितलं. "वाचव नाहीतर मार, पण संपव आता. देव आणू नकोस, स्वप्न होतं म्हणू नकोस, आणि जुळा भाऊ आणलास तर मी राजीनामा देईन."

दीपेशच्या मनात नेमका जुळा भाऊच होता. त्याने भावाचं कच्चं चित्र काढलेला कागद फाडला आणि रेवदंड्याची वाट धरली. कारण नियम त्याच्या डोक्यातून आलाच नव्हता. तो बापाकडून उचललेला होता.

बाप म्हणजे हरेश्वर, कोळीवाड्याचा भगत. जाळ्यात पाकट सापडला की तो सोडवताना खलाशाची कसोटी लागते. चपटा मासा, शेपटीला विषारी काटा. तो पायात घुसला की धडधाकट गडी पोरासारखा रडतो. अशा माणसाला उचलून हरेश्वरच्या ओटीवर आणायचं, हा आळीचा रिवाज. चंद्राबाईने, म्हणजे दीपेशच्या आईने, घमेल्यात कढत पाणी आणायचं. माणसाचा पाय त्यात. समोर हरेश्वर डोळे मिटून बसायचा, ओठ हलवायचा, आवाज बिलकूल नाही, मग पायावर तीनदा फुंकर. तासाभरात माणूस स्वतःच्या पायांनी घरी जायचा.

या कामाचे नियम तीन. मंत्र आपल्या अंगावर चालत नाही. भगताच्या जखमेला मंत्र नसलेल्याने हात लावायचा नाही. आणि मंत्र दिला की गेला: आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला द्यायचा, पुन्हा उच्चारायचा नाही, आणि देणारा त्या घडीपासून रिकामा. हे तिन्ही नियम दीपेशने जसेच्या तसे चित्रकथेत घातले होते. वादळनाथाची मिशी आणि मनगटातलं चांदीचं कडंही बापाचंच होतं. मुलाखतीत कोणी विचारलं की तो याला संशोधन म्हणायचा. मंत्र तेवढा बापाने दिला नव्हता, म्हणून त्याने संस्कृतसारखं दिसणारं काहीतरी रचून दिलं होतं. त्यावर अलिबागच्या एका निवृत्त शिक्षकांनी व्याकरणाच्या अकरा चुका काढून पाठवल्या होत्या.

आणि जखमही घरचीच होती. आठ आठवड्यांपूर्वी आईने फोनवर सांगितलं होतं, "ह्यांच्या पायाला पाकट लागला रं." दीपेश "अरेरे" म्हणाला, आणि आई पुढचं बोलत असतानाच त्याने समोरच्या पाकिटावर एक पाय काढला. उतारा देणाऱ्यालाच काटा लागला तर? कल्पना झकास होती. तो भाग सगळ्यात जास्त वाचला गेला. नंतर त्याने एकदा घरी फोन केला, बाप म्हणाला "बरा हाय," आणि त्याचं समाधान झालं. खोटं कशाला बोला, त्याला त्यापुढे विचारावंसंच वाटलं नव्हतं.

तो आळीत शिरला तेव्हा चंद्राबाई वलांडीच्या दांड्यांवर बोंबील वाळत टाकत होती. पोराला बघून तिने हातातला बोंबील दांडीला अडकवला, मग बोलली.

"आलास? आता तरी बरा कर त्याला."

"कोणाला?"

"कोनाला म्हंजे? तुझ्या त्या नाथाला. तू त्याला ताप आनलास, त्याच शनवारी ह्यांचं अंग तापलं. मागच्या खेपेला तू त्याचं बोट काळं दाखवलंस. सोमवारी बघते तर ह्यांचं बोट काळं."

"आई, बोट काळं पडलंय?"

"शेजारची रंगू रोज इचारते, तुझ्या पोराला बापाचं काय वाकडं हाय म्हून. मी काय सांगू तिला?"

हरेश्वर ओटीवर बसला होता. डावा पाय मासळीच्या पालथ्या क्रेटवर, पायावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला सुतळी. पोराला बघून तो हसला. दीपेशने पिशवी सोडायला हात पुढे केला, तसा हरेश्वरने पाय मागे घेतला आणि सुतळी स्वतः सोडली. दोन बोटं काळी होती आणि पाय घोट्यापर्यंत सुजला होता. पायाला सडका वास येत होता. सगळी आळी सुक्या मासळीच्या वासात नांदणारी, तिथे या वासाचा पत्ता कोणाला लागणार?

"दुखत न्हाय," हरेश्वर म्हणाला. "रोज दोन वकत कढत पान्यात ठेवतो. दुखनं थांबलं म्हंजे इख उतरलं."

"बाबा, तुम्हाला साखर आहे. अलिबागला जाऊ. आत्ताच्या आत्ता."

"दाखवायला हरकत न्हाय रं. पन डाक्टर हात लावल्याबिगर ऱ्हातो का? ज्याच्यापाशी मंत्र न्हाय त्यानं हात लावायचा न्हाय. तूच लिवलंयस की पुस्तकात."

इतक्या वर्षांत दीपेशला आपल्या लिखाणाचा इतका राग कधी आला नव्हता. तरी त्याने दम धरला, कारण बापाशी थेट भांडण करून कोणाचं काही साधलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तो बाजूला टेकला.

"बरं, माझं राहू द्या. त्याचं सांगा. वादळनाथाने काय करावं?"

इथे मात्र हरेश्वर सरसावून बसला. आपण ती चित्रकथा बघत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. दर शुक्रवारी रंगूच्या फोनवर पानन्‌पान बघायचा.

"सोपं हाय," तो म्हणाला. "त्यानं दुसऱ्या कोनाला मंत्र द्यायचा. तो दुसरा मग हात लावंल, काटा काढंल. मानूस वाचंल."

"मग देत का नाही तो?"

"दिला का गेला. मग तो वादळनाथ कसला? नुसता एक म्हातारा."

"मेलेल्या भगतापेक्षा जिता म्हातारा बरा नाही का?"

"तुझ्या पुस्तकात आसंल बरा." हरेश्वरने सुतळी पुन्हा बांधायला घेतली.

"मला द्या मंत्र," दीपेश म्हणाला. सहा वर्षांत त्याने हे किती वेळा म्हटलं होतं याला गणती नव्हती. "मी हात लावतो. मी नेतो."

"तू छापशील."

दीपेशने खरंच छापला असता, आणि तेही येत्या शुक्रवारी.

"मग मला द्या," चंद्राबाई वलांडीपासून म्हणाली. "चाळीस वर्सं पानी तापवते मी."

"बायकांना देत न्हाईत."

तेवढ्यावर विषय मिटला असता. पण दीपेशने परत त्या पायाकडे पाहिलं. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत जाणार, आणि जाताना नियम सांगत जाणार. मग तो जे बोलला ते बोलायला त्याला लाज वाटली, पण बोलला.

"ठीक आहे. तुमचे नियम तुमच्याकडे. येत्या शुक्रवारी मी त्याला मारतो."

चंद्राबाईच्या हातातले बोंबील खाली पडले. चित्रकथेवर हरेश्वरचा काडीचा विश्वास नव्हता, हे त्याने पुष्कळदा सांगितलेलं होतं.

"मारशील?" त्याने विचारलं.

"दुसरा मार्ग कुठे ठेवलाय तुम्ही?"

हरेश्वरने पिशवीची गाठ नीट बसली का ते पाहिलं. "रिक्षा कुठवर येईल?" तो म्हणाला. "फकस्त दाखवायचं. हात लावू द्यायचा न्हाय."

अलिबागच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला त्यांचा नंबर लागला. शल्यविशारद होत्या डॉक्टर अरिबा, माहेर बोर्ली पंचतन. त्यांच्या आजोबांचा सुक्या मासळीचा व्यापार होता, त्यामुळे सोडे आणि जवळा यांच्या वासात वाढलेल्या या बाईंना पिशवी सुटताच कुठला वास कुठला, ते बरोबर कळलं. त्यांनी हातमोजे चढवले. हरेश्वरने पाय मागे घेतला.

"हात न्हाय लावायचा, डाक्टरबाय."

"बरं, नाही लावत. दुखतं?"

"अजाबात न्हाय."

"तोच तर आजार आहे, काका. साखरेने पायातली जाणीव गेलीय. पाकटाच्या काट्यावर गरम पाणी हे तुमचं बरोबर आहे, आम्हीही तेच करतो. पण पाणी किती कढत आहे हे तुमच्या पायाला कळलंच नाही. रोज दोन वेळा तुम्ही तो शिजवलात."

इतकी वर्षं ज्या पाण्याने आळीचे पाय वाचवले, त्याच पाण्याने आपला घालवला, हे ऐकून हरेश्वर भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टर अरिबांनी बाकीचं दीपेशला सांगितलं. दोन बोटं उद्याच काढायला हवीत. आणखी आठवडा गेला तर गुडघ्याखाली कापावं लागेल, आणि त्यापुढे गेलं तर विष रक्तात पसरून माणूस हाती लागणार नाही. पण आधी पाय हातात घेऊन तपासायला हवा.

दीपेशने त्यांना नियम सांगितले. बोलताना त्याला स्वतःचीच कीव आली. बाई हसतील, निदान कपाळाला हात लावतील असं त्याला वाटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मग मला द्या मंत्र," त्या म्हणाल्या. "किती वेळ लागतो? अकराला माझं एक ऑपरेशन आहे."

हरेश्वरने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मंत्र आजवर पुष्कळांनी मागितला होता, कोणी पाया पडून, कोणी दारूची बाटली घेऊन. घड्याळाकडे बघत कोणी मागितला नव्हता.

"गिराण लागावं लागतं," तो म्हणाला.

"ग्रहण कधी आहे?"

"फाल्गुनात."

"तोवर पाय नसेल, काका. दुसरं काही चालतं का?"

हरेश्वरने विचार केला. "अडल्या येळी भरती चालते. आज तेरस हाय. साडेधापवतर पानी चढतं."

"म्हणजे चाळीस मिनिटं आहेत. आणखी?"

"घेनाऱ्यानं खाऱ्या पान्यात हुबं ऱ्हायचं."

डॉक्टर अरिबांनी नर्सला टब आणि सलाइनच्या चार बाटल्या आणायला सांगितलं. सलाइन म्हणजे मिठाचंच पाणी, यावर हरेश्वरने जरा घासाघीस केली. समुद्राचं खारं वेगळं, असं त्याचं म्हणणं. पण बाटलीवरचं दीपेशने वाचून दाखवलं तेव्हा त्याने मान्य केलं. मग बाईंनी चपला काढता काढता विचारलं, "काका, त्यात कोणा देवाचं नाव आहे का? म्हणजे मला घेता येईल ना?"

"न्हाय. कोनाचंच नाव न्हाय."

"मग हरकत नाही. आमची दादी पण लहानपणी पडलो-झडलो की पढून फुंकायची."

सोबत आलेल्या चंद्राबाईला मात्र आता राहवलं नाही. "बायकांना देत न्हाईत म्हनालात," ती नवऱ्याला म्हणाली. "ही काय हाय मग?"

"ही डाक्टर हाय," हरेश्वर म्हणाला, आणि माय-लेकांना बाहेर काढलं.

दाराला काच होती. दीपेश काचेला नाक लावून उभा राहिला. आत अलिबागच्या नावाजलेल्या शल्यविशारद सलवार पोटरीपर्यंत वर धरून निळ्या टबात उभ्या होत्या आणि त्याचा बाप त्यांच्या कानाशी वाकला होता. बापाचे ओठ हलत होते. बाई गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होत्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. दीपेशला वाईट वाटलं, अगदी लहान पोराला वाटावं तितकं वाटलं. सहा वर्षं मागतोय मी. या बाईला ओळख ना पाळख, आणि तिला दोन मिनिटांत. वडील वाचणार याचा आनंद आधी व्हायला हवा होता, हे त्याला समजत होतं. तो नंतर झाला.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर अरिबांच्या हातात तो पाय होता आणि हरेश्वर निमूट बसला होता.

दुसऱ्या दिवशी दोन बोटं गेली. पाय राहिला. हरेश्वर सहा दिवस दवाखान्यात होता आणि वेळच्या वेळी जेवत होता. दीपेशला वाटलं होतं, आता हा खंगेल. तसं काही दिसेना. उलट भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगत होता, "मंत्र आता डाक्टरबायकडं हाय. कोनाला काय लागलं तर तिकडंच जायचं. माझ्याकडं येऊ नका." हे सांगताना त्याचा चेहरा चांगलाच मोकळा असायचा. साखर आटोक्यात आल्याचा परिणाम असेल, असं दीपेशने ठरवून टाकलं. दुःख करायचं काम एकट्या चंद्राबाईने केलं. घराण्याची विद्या बोर्लीला गेली म्हणून ती दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही.

शुक्रवारी वादळनाथही वाचला. खाऱ्या पाण्याच्या हंड्यात उभ्या राहिलेल्या एका वैदूबाईला त्याने मंत्र दिला, तिने काटा काढला, दोन बोटं गेली. एक नियमसुद्धा मोडला नव्हता. त्यामुळे निम्मे वाचक खूश झाले आणि निम्मे भडकले. तीन बोटांचा नायक चालेल का, यावर अलिबाग आणि पनवेलच्या दोन वाचक मंडळांत जुंपली.

"वाचवलास, छान केलंस," रचना म्हणाली. "पण आता करायचं काय त्याचं? मंत्राशिवाय मांत्रिक म्हणजे पंचा नेसलेला माणूस. लोक विचारताहेत, तिला दिलेला मंत्र होता तरी काय? खरा मंत्र दे आता. पुढचा महिनाभर आपण त्यावर काढू."

आणि दीपेशच्या लक्षात आलं की खरा मंत्र आता मिळण्यासारखा आहे. बाप बोलणार नाही. पण डॉक्टरबाईंना कुठली शपथ होती? त्या शिकलेल्या, समंजस. भेटून, चहा घेऊन, सहज विचारता येईल. पाच आठवड्यांनी तो रेवदंड्याला गेला तो मनात हेच घेऊन. उद्या पायाची तपासणी होती. तेव्हा बापाला बाहेर बसवून आत दोन मिनिटं काढायची, असं त्याचं ठरलं होतं.

दुपारची जेवणं आटोपली होती. हरेश्वर ओटीवर होता, डाव्या पायात दवाखान्याने बनवून दिलेला रुंद बूट. चंद्राबाई सुके बोंबील मोजून जुड्या बांधत होती. हरेश्वरचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असायचा.

"काका, मी अरिबा. एकटे आहात ना?"

"व्हय," हरेश्वर बायको-पोराकडे बघत म्हणाला.

"तुमच्या आळीतले शिवदास आलेत. पाकट लागलाय. पाय गरम पाण्यात ठेवलाय, पण सुई टोचू देत नाहीत. आधी मंत्र म्हणा म्हणतात. हरेश्वरभगताने तुम्हाला दिलाय, आम्हाला ठाऊक आहे म्हणतात. माणूस कळवळतोय, पण ऐकत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "काका, माफ करा मला. त्या दिवशी एसीचा आवाज होता की काय कोण जाणे. तुमचे ओठ हलताना दिसत होते, पण मला एक शब्द ऐकू आला नाही. तुम्ही पाय मागे घ्याल या भीतीने मी नुसती मान हलवली. पुन्हा उच्चारायचा नसतो हे माहीत आहे. पण एकदाच, या माणसासाठी, सांगता?"

दीपेशचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. त्याने तो पाठवला नव्हता. तो आपण होऊन गेला. उद्याचा चहाही आता लागणार नव्हता.

हरेश्वरने फोन दोन्ही हातांत धरला होता. चंद्राबाईने जुडी तशीच हातात ठेवली. फोनमधून शिवदासच्या कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकून हरेश्वरच्या कपाळावर घाम आला.

"डाक्टरबाय," तो शेवटी म्हणाला, "तुमच्या कानात काय दोस न्हाय."

"म्हणजे?"

"मी काय बोललोच न्हवतो. तेवढंच हाय ते. शिवदासच्या म्होरं बसा, डोळं मिटा आन् ओठ हलवा. मंग तीनदा फुंका. मंग टोचा सुई."

पलीकडे शिवदास पुन्हा कण्हला.

"एवढंच?"

"एवढंच. मी सात वर्सांचा व्हतो तवा माझा बाप बोटीवर गेला, तो आला न्हाय. मंत्र द्यायला त्याला येळच न्हाय भेटला. मी त्याचे ओठ हलताना बघितले व्हते, तेवढंच ऱ्हायलं माझ्याकडं. पुढं लोक पाय घेऊन यायला लागले. त्यांना न्हाय कसं म्हनू? पानी कढत असायचं. बरे व्हायचे."

डॉक्टर अरिबांनी वाद घातला नाही. "तीनदा ना, काका?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

फोन बंद झाला. दीपेश बापाकडे बघत राहिला. हा माणूस गुडघ्यापासून पाय द्यायला निघाला होता, वेळ आली असती तर जीवही. आपल्यापाशी मंत्र नाही, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं म्हणून. आणि आपण त्या वाक्याभोवती आठ-आठ पानं काढत होतो.

"मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"तू दर येळी वही घेऊन आलास," हरेश्वर म्हणाला. त्यात राग नव्हता. "तुला शबुद पायजे व्हते. माझ्याकडं ते न्हवते. तिला पाय पायजे व्हता. तो व्हता."

चंद्राबाईने जुडी खाली ठेवली. इतका वेळ ती हिशेब करत होती, तो आता संपला.

"म्हंजे चाळीस वर्सं सगळे माझ्या पान्यानं बरे व्हत व्हते?"

"व्हय," हरेश्वर म्हणाला.

ती उठून आत गेली आणि आतून भांडी जरा जास्तच आपटल्याचा आवाज येत राहिला. दीपेशने पेन्सिल खिशातून काढून ओटीवर ठेवली. मग तो बापाच्या समोर खाली बसला.

"पाय दुखतो का?"

"बरा हाय."

"बाबा, दुखतो का?"

हरेश्वरने पोराकडे पाहिलं, वही कुठे दिसते का ते पाहिलं. "दुखतो," तो म्हणाला. "बोटं व्हती तिथं. लई दुखतो रं."

दीपेशने बुटाचा पट्टा सोडला आणि तो पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला. हरेश्वर जरासा दचकला. पण पाय त्याने मागे घेतला नाही.